एकट्याला खोली नाही

आमच्याकडे एकट्याला खोली देत नाहीत. कामावर लागले त्या पहिल्याच दिवशी मला हा नियम पाठ करायला लावला होता. जोडपं चालेल, कुटुंब चालेल, चार मैत्रिणी चालतील, सगळे पुरुषच असले तर आधी मालकाला फोन करून चालतील. पण एकटं माणूस आलं, बाई असो की बाप्या, तर हसून कोकम सरबत द्यायचं, पाच मिनिटं पंख्याखाली बसवायचं आणि पुढच्या फेरीबोटीने परत बोरिवलीला पाठवायचं.

नियमाला कारण आहे. चार वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका जागी एक एकटा माणूस उतरला आणि सकाळी त्याने दार उघडलंच नाही. पोलीस आले, पंचनामा झाला, पुढे सहा महिने त्या जागेकडे कोणी फिरकलं नाही. आमच्या धवलशेठने तेव्हापासून धसका घेतलाय. एकटा म्हणजे काहीतरी मनात धरून आलेला, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय.

मी प्रेमा मयेकर. घाटकोपरच्या भटवाडीतली. धवलशेठच्या आईकडे मी एकोणीस वर्षं पोळ्या केल्या, शेठ शाळेत जायचा तेव्हा त्याचा डबा मी भरायचे. त्याने गोराईत जागा घेऊन हे इको हॉटेल काढलं तेव्हा मला म्हणाला, प्रेमाबेन, तुम्हीच सांभाळा. माझा नवरा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगा नितेश, सून आणि मी, तिघं दहा बाय बाराच्या खोलीत. मी निघाले तशी त्यांना पाय पसरायला जागा झाली. कोणी मला जा म्हटलं नाही, पण थांब पण म्हटलं नाही. आता आठवड्याचे सहा दिवस मी इथे स्वयंपाकघरामागच्या खोलीत एकटी झोपते. माझ्या एकटीचं मालकाला चालतं, कारण मी पगारावर आहे.

इको म्हणजे काय, तर आमच्या आजोळी जे जे गरिबीमुळे होतं ते सगळं इथे हौसेने केलंय. मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, बाहेर रांजण, नहाणीघरात तांब्या. पाच खोल्या आहेत. दोन नंबरच्या ओट्यावर बसून माडाच्या पलीकडे मान काढली की विपश्यनेच्या पॅगोड्याचा सोनेरी घुमट दिसतो, म्हणून दोन नंबरला सगळ्यात जास्त मागणी. लोक पॅगोडा बघायला येतात, इथे राहतात, मातीच्या भिंतीला टेकून फोटो काढतात आणि रविवारी परत जातात.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला रिक्षातून एक माणूस उतरला. एकटा. पासष्टीच्या पुढचा, उंच, इस्त्रीचा फिका निळा शर्ट, खिशाला दोन पेनं. पाठीवर छोटी बॅग आणि छातीशी एक कापडी पिशवी, तीही दोन्ही हातांनी धरलेली. मी मनात म्हटलं, झालं, लागली वाट. सरबताची बाटली काढली.

"श्यामसुंदर टिपणीस," तो म्हणाला. "दोन नंबरची खोली. दोघांच्या नावावर आहे."

"दुसरं कोण काका?" मी विचारलं. तसा काही तो माझा काका शोभत नव्हता, मीच पंचावन्नाची. पण आमच्याकडे पाहुण्यांना काका-काकी म्हणायची रीत आहे.

"माझी बायको, जयंती. बेंगळुरूहून येतेय. दुपारचं विमान आहे, संध्याकाळपर्यंत पोहोचेल." त्याने मोबाइलमध्ये तिच्या आधार कार्डाचा फोटो काढून माझ्यासमोर धरला. मग म्हणाला, "ताई, एक ओलं फडकं मिळेल का? आणि ही पिशवी जरा सावलीत ठेवायची आहे."

पिशवीत स्टीलचा डबा होता आणि डब्यात पंच्यात घट्ट बांधलेलं गाठोडं. त्याने गाठ जराशी सैल करून दाखवली. कडवे वाल. मोड नुकते फुटायला लागले होते.

"बुधवारी रात्री भिजत घातले, काल उपसून बांधले," तो म्हणाला. "बिरडं करायचंय. उद्या आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. तिला दुसरं काही नको असतं."

आधार कार्डावर पत्ता मुलुंडचा, आडनाव टिपणीस. सीकेपी, म्हणजे बिरडं आलंच. आमच्या घाटकोपरला शेजारी एक कुटुंब होतं, त्यांच्याकडे बिरडं असलं की चाळीचा अख्खा मजला बायकांनी भरायचा. वाल सोलायचं काम एकट्याने उरकत नाही. कोमट पाण्यात टाकायचे, एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल सुटते आणि आतली डाळिंबी बाहेर येते. असे हजार दाणे. दोघं-तिघं बसल्याशिवाय कोणी त्या वाटेला जात नाही.

मी वहीत दोन नावं लिहिली आणि किल्ली दिली.

चार वाजता काका जेट्टीवर गेला तिला आणायला. साडेपाचला परत आला तो एकटाच. मी तुळशीला पाणी घालत होते.

"नातवाला ताप आहे," तो म्हणाला. "ओजसला. ती उद्या सकाळच्या विमानाने येते म्हणाली. फोन झाला आत्ताच."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढी वर्षं लोकांच्या घरात काम केलं की खोटं ओळखता येतं. हा खोटं बोलत नव्हता, पण आपण खोटं बोलतोय असं समोरच्याला वाटेल या भीतीने तो अर्धमेला झाला होता.

"मला ठाऊक आहे तुमचा नियम," तो म्हणाला. "आधी दोन ठिकाणी फोन केला होता, एक दिवस आधी एकटाच येऊन राहू का विचारायला. दोघांनीही नाही म्हटलं. म्हणून इथे ते विचारलंच नाही. तुम्हाला त्रास होणार असेल तर मी जातो. सकाळी जेट्टीवर येऊन थांबेन."

तेवढ्यात धवलशेठचा फोन आला. शुक्रवारी संध्याकाळी तो न चुकता करतो. "प्रेमाबेन, दोन नंबरचे दोघं आले ना?"

मी काकाकडे बघितलं. तो ओट्याच्या पायरीवर बसून डब्यातलं गाठोडं चाचपून बघत होता. त्याने मघाचं फडकं पुन्हा भिजवून वर टाकलं. मी मनात म्हटलं, ज्याला जिवाचं बरंवाईट करायचंय तो वालाला मोड आणत बसेल का?

"आले शेठ," मी म्हटलं. "दोघंही आले."

फोन ठेवल्यावर मात्र मला माझी नोकरी आठवली. काही झालं असतं तर मी कुठे जाणार होते? भटवाडीत परत जाऊन नितेशच्या कॉटखाली झोपणार होते का? मग मी काय केलं, तर दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून दोन नंबरवर जायला लागले. आधी टॉवेल नेला. मग लिंबाचा चहा. मग कडुनिंबाचा धूर. चौथ्यांदा गेले तेव्हा तो हसला.

"प्रेमाताई, मी आहे," तो म्हणाला. "काळजी करू नका. उद्या मला बिरडं करायचंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या रात्री मी शांत झोपले.

शनिवारी सकाळी आठलाच तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा. जयंतीकाकी विमानात बसली होती, साडेबारा-एकपर्यंत पोहोचणार होती. दोघांनी मिळून सोलायचे वाल आता तिच्यासाठी थांबणार नव्हते. मोड चांगले लांब झाले होते, अजून ठेवले तर वास धरला असता. मी नाश्त्याची भांडी तशीच बाजूला सारली, परातीत कोमट पाणी घेतलं आणि बसले त्याच्यासमोर.

सोलता सोलता माणूस बोलतो. हात गुंतलेले असतात आणि नजर परातीत असते, त्यामुळे लाज वाटत नाही. त्याने मला सगळं सांगितलं. दोघं विमा कंपनीच्या एकाच ऑफिसात होती, तिथेच जमलं. मुलगी एकच, गंधाली, ती बेंगळुरूला. तिला मुलगा झाला तेव्हा जयंतीकाकी तीन महिन्यांसाठी गेली. मग लॉकडाऊन लागला. मग गंधालीचं ऑफिस सुरू झालं. मग बाळ सांभाळणारी बाई सोडून गेली. मग ओजसची शाळा. तीन महिन्यांची सहा वर्षं झाली. काकाला इथून हलता येत नव्हतं, कारण त्याची आई अंथरुणावर होती. तिचं सगळं त्यानेच केलं, अंघोळ घालण्यापासून. ती गेल्या श्रावणात गेली.

"मग तुम्ही जायचं ना तिकडे," मी म्हटलं.

"गेलो होतो. हॉलमध्ये झोपायचो. सकाळी सहाला उठून गादी गुंडाळायची, कारण जावयाची मीटिंग असायची. वीस दिवसांनी मीच म्हटलं, पाण्याचं बिल भरायचंय, आणि परत आलो." त्याने परातीतली सालं बाजूला काढली. "भांडण कुणाशीच नाही हो. भांडण असतं तर मिटवता आलं असतं."

"आणि हे इथे कशाला? मुलुंडला घर आहे की स्वतःचं."

"घरी आली की ती कपाटं आवरायला घेते. दोन दिवस जाळीजळमटं काढण्यात जातात आणि ती परत जाते. मला तिच्याशी बोलायचंय." त्याने एक डाळिंबी बोटावर घेऊन बघितली, अख्खी होती, वाटीत टाकली. "तिला म्हणणार आहे, जया, आता घरी चल. एवढंच. गेले तीन महिने मी हे वाक्य म्हणून बघतोय. फोनवर निघत नाही."

खरं सांगते, माझे डोळे भरून आले आणि वर मी त्याच्यावरच डाफरले. "मग इतकी वर्षं काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता? आज म्हणा. पण आल्या आल्या नको. बिरडं खाऊ दे. दुसऱ्यांदा वाढून घेतलं की मग म्हणा."

तो हसला. "दुसऱ्यांदा घेईल का?"

"ते माझ्याकडे लागलं," मी म्हटलं.

बिरडं त्याने केलं. मी शपथेवर सांगते, केलं त्यानेच. फोडणी, हिंग, हळद, आलं-मिरचीचं वाटण, नारळाचं दूध, कोथिंबीर. काकीने कधीतरी फोनवरून सांगितलेलं सगळं त्याच्या एका डायरीत लिहिलेलं होतं. डाळिंब्या मोडू नयेत म्हणून पळीचं टोक लावून हलवत होता. पण आमसुलं त्याने मोजून दुप्पट टाकली आणि मीठ घाबरत घाबरत चिमूटभर. मी चव घेतली. आंबट ढाण. कसलीच गोडी नाही.

मला काय दुर्बुद्धी सुचली. तो कपडे बदलायला गेला तेवढ्यात मी आमसुलं काढली, गूळ टाकला, मीठ बरोबर केलं, थोडं दूध अजून घातलं. पाच मिनिटं मंद ठेवलं. परत चव घेतली. झकास. मी माझ्यावरच खूश झाले.

पाऊण वाजता तो जेट्टीवर गेला आणि या वेळी खरंच दोघं आली. जयंतीकाकी ठेंगणी, पांढरे केस कापलेले, पायात बूट, खांद्याला एकच छोटी बॅग. मी तिच्याशी मनात भांडायची तयारी केली होती. पण ती आली तीच माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुम्हीच प्रेमाताई ना? श्यामने सांगितलं, सकाळपासून माझं काम तुम्ही केलंत." मला ती आवडली, हीच तर पंचाईत झाली.

हात-पाय धुतले आणि तिने पहिल्यांदा फोन लावला. ओजसला भिंत दाखवली, रांजण दाखवला, बदक दाखवलं. ताप उतरला होता. "आजी, तू कधी येणार?" असा आवाज आला. "उद्या येते रे राजा, तू झोपून उठायच्या आत निघते इथून," ती म्हणाली. काका मागे उभा होता, तिची बॅग हातात धरून.

पानं मी मांडवात मांडली. वरणभात, पोळी, कोशिंबीर आणि बिरडं. काकीने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी पळी घेऊन उभी होते. काका जेवत नव्हताच, तिच्याकडे बघत होता.

"कोणी केलं?" तिने विचारलं.

"मी," तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस. तू? तुला मिठाचा अंदाज नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. तो खरं सांगणार होता, त्याच्या तोंडावर दिसत होतं मला. आणि मी शहाणी, मध्येच तोंड घातलं. "त्यांनीच केलंय काकी. मी फक्त गॅस पेटवला. एकट्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

काकीने अजून एक घास घेतला. मग माझ्यापुढे वाटी केली. दुसऱ्यांदा. मी वाढलं आणि काकाला डोळ्यांनी खूण केली, आता.

त्याने तोंड उघडलं. पण ती आधी बोलली.

"श्याम, तुला सांगू? सहा वर्षं माझा जीव तिकडे लागत नव्हता. तू काय खात असशील, आई गेल्यावर एकटा कसा राहत असशील, रात्री पाणी प्यायला उठले तरी हेच डोक्यात. गंधालीला मी म्हटलं पण होतं मागच्या महिन्यात, मी आता परत जाते, त्याला काही जमत नाही." तिने वाटीतलं शेवटचं बिरडं पोळीने पुसून घेतलं. ती खरंच सुखावली होती, तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "पण हे ज्याला असं जमतं ना, त्याला सगळं जमतं. सुटले मी. आता ओजसची शाळा मार्गी लागेपर्यंत मी निर्धास्त राहीन तिकडे."

काका म्हणाला, "हो."

मग म्हणाला, "प्रेमाताई, अजून वाढा तिला."

मी वाढलं. आमसुलं तशीच राहू दिली असती तर. मीठ कमीच राहू दिलं असतं तर. ती एक घास खाऊन तोंड वाकडं करून म्हणाली असती, अरे श्याम, तुला अजून काही जमत नाही, मलाच यायला पाहिजे. मी काय मेलं सुधारायला गेले. आणि वर खोटं पण बोलले, तेही न विचारता.

संध्याकाळी दोघं पॅगोडा बघायला गेली. मला एक आशा होती, तिथे तरी बोलेल. सात वाजता परत आली. काकी अंघोळीला गेली तेव्हा मी त्याला विचारलं, "बोललात?"

"तिथे बोलायला मनाई आहे, ताई," तो म्हणाला. "ठिकठिकाणी पाट्या आहेत. आम्ही काचेच्या अलीकडे बसून आत बघत होतो. आत शंभरेक माणसं बसली होती डोळे मिटून, प्रत्येक जण आपला आपला. जया म्हणाली, किती छान वाटतं ना असं एकटं बसायला. कुजबुजून म्हणाली."

मला राग आला. कोणाचा आला ते कळेना. पॅगोड्याचा नाही, काकीचा नाही. माझाच असावा. रात्रीचं जेवण मी लवकर उरकलं आणि त्यांच्यासमोर फार गेले नाही. दोन नंबरमधून बराच वेळ आवाज येत होता, पण तो काकीचा होता, आणि मध्येमध्ये फोनमधून ओजसचा. ती त्याला मातीच्या घराची गोष्ट सांगत होती.

रविवारी पहाटेच काकी निघाली. परत माझे दोन्ही हात धरले. बॅगेतून एक कॉफीचं पाकीट काढून दिलं. "तुमच्यामुळे मला खूप बरं वाटलं," ती म्हणाली. "याला असंच अधूनमधून बोलवत जा इथे. दोन दिवस राहील, हवापालट होईल."

मी हो म्हटलं. एकट्याला खोली देत नाहीत, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते मी.

तो तिला जेट्टीपर्यंत सोडायला गेला. म्हणाला, तिकडून टॅक्सीत बसवून येतो. परत आला तेव्हा साडेआठ झाले होते. बाकीच्या खोल्यांतले पाहुणे नाश्त्याला बसले होते, त्यांची पोरं बदकांच्या मागे धावत होती. तो त्यांच्यात बसला नाही, ओट्यावर जाऊन बसला. मी चहा नेला. कालपासून मनात होतं ते बोलून टाकलं.

"काका, मीठ मी घातलं होतं. आमसुलं मी काढली. तुम्ही नव्हता तेव्हा."

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "तिने पहिल्या घासाला डोळे मिटले तेव्हाच."

"मग सांगायचं ना तिला. मी सपशेल चुकले होते."

त्याने चहाचा घोट घेतला. "सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती काळजीने परत आली असती. मुलुंडला. मी उपाशी राहतो म्हणून." त्याने पेला खाली ठेवला. "मला ती तशी नको होती, ताई. मला वाटत होतं, तिलाच यावंसं वाटेल."

मी म्हटलं, "अजून चहा आणू?"

"नको. एक विचारू? खोली अकराला सोडायची ना? आजचा दिवस अजून मिळेल का? घरी जाववत नाही आज. उद्या सकाळी नक्की जातो."

दोन नंबर रविवारी रिकामीच होती. वहीत दोन नावं होतीच. धवलशेठला कळायचं कारण नव्हतं. शुक्रवारी तर मी विचार न करता खोटं बोलले होते. आणि आता तोच माणूस, तोच ओटा, आणि माझ्या तोंडून हो निघेना. कारण शुक्रवारी त्याच्या मांडीवर वालाचं गाठोडं होतं. आज त्याच्या हातात काही नव्हतं. शुक्रवारी त्याला उद्या काय करायचं ते ठाऊक होतं. मला त्याची भीती वाटली, आणि त्या भीतीची मला लाज वाटते, आजही वाटते.

"नाही काका," मी म्हटलं. "नियम आहे."

"बरोबर आहे," तो म्हणाला. वाद नाही, विनवणी नाही. जणू बँकेत चुकीच्या खिडकीवर उभा होता आणि कोणी सांगितलं, पलीकडे जा.

अकरा वाजता तो तयार होऊन आला. शर्ट इस्त्रीचाच. चादरी घडी घालून ठेवल्या होत्या, तांब्या धुऊन पालथा. मी उरलेलं बिरडं त्याच्याच डब्यात भरून दिलं. त्याने पिशवीतून एक पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. सुके वाल होते, पाव किलोभर.

"हे ठेवा. जास्तीचे आणले होते."

"घेऊन जा ना. पुन्हा करा घरी."

"एकट्यासाठी कोणी सोलत बसत नाही, ताई," तो म्हणाला.

रिक्षा आली. मी फाटकापर्यंत गेले. त्याच्याकडून वचन घेतलं, घरी पोहोचला की मला फोन करायचा, केला नाही तर मी मुलुंडला येऊन दार वाजवीन. तो म्हणाला, करतो. मग मी आत आले आणि दुपारभर मोबाइल पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरले. बाराची फेरी गेली असेल. एक वाजला. पाहुणे गेले, खोल्या झाडल्या, धवलशेठचा फोन आला, दोन नंबर रिकामी झाली का. मी म्हटलं, झाली शेठ, दोघंही गेले. दीड वाजला. पावणेदोनला मी वहीतून त्याचा पत्ता कागदावर उतरवून घेतला आणि चपला पायात घातल्या. का मी त्याला नाही म्हटलं, का.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"प्रेमाताई, पोहोचलो."

मी पायातल्या चपला काढल्या. "घरात आहात ना? दार लावलंत? कोण आहे सोबत?"

"कोणी नाही. मीच आहे." थोडं थांबून तो म्हणाला, आणि मला वाटतं तो हसत होता, "मुलुंडला एकट्याला खोली देतात, ताई. इथे नियम नाही."

मी त्याला म्हटलं, डबा गरम करा आणि आधी जेवून घ्या. तो बरं म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.